परातीतल्या लाटा मध्येच नक्षी बदलतात: बिघाड की केऑस?

अंजनेरी
नमस्कार मंडळी, एरवी मी नुसती वाचत असते, आज मदत हवीय म्हणून धागा काढतेय. जरा लांब होईल.

माझी भाची नववीत आहे. तिने विज्ञान प्रदर्शनासाठी पाण्याच्या लाटांचा प्रयोग केला. मंडळाच्या डीजेचा एक जुना बारा इंची वूफर मिळाला, एम. जी. रोडवरून छोटा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आणला, मोबाइलवर टोन सोडायचं अ‍ॅप टाकलं आणि भांडी बाजारातली स्टीलची परात वर ठेवून त्यात पाणी ओतलं. परातीत नुसताच कल्लोळ झाला, कारण तिचा तळच थरथरत होता. मग अ‍ॅक्रिलिकच्या पाइपचा तुकडा घेतला, व्यास १३ सेंटिमीटरला थोडा कमी, खाली जाड चकती चिकटवली आणि त्यात १ सेंटिमीटर पाणी. १६ हर्ट्झच्या आसपास सुंदर नक्षी यायला लागली. काठाने मोजलं तर एका क्षणी ४ उंचवटे आणि मधे ४ खड्डे. टोन किंचित बदलला की ७ आणि ७.

आता खरी गोष्ट. आवाज थोडा वाढवला की मधल्या एका जागी ४ वाली नक्षी हळूहळू विरघळते, ७ वाली वर येते, मग ती पण मावळते, परत ४. कधी पटकन, कधी बराच वेळ अडकून राहते. आम्ही काहीही हलवत नाही! भाचीने प्रयोगाच्या पाटीवर लिहिलं होतं "पाण्याचा केऑस". परीक्षकांनी पाहिलं, म्हणाले नक्षी स्थिर राहत नाही म्हणजे उपकरण नीट बसवलेलं नाही, आणि तसा शेरा देऊन पुढे गेले. पोरगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

मला खरंच जाणून घ्यायचंय. हे आमच्या जोडणीतलं ढिलेपण आहे की पाण्याचंच वागणं आहे? आणि घरच्या घरी ते ठरवायचं कसं?

तर्री
पहिला आलो. मिसळीची वाटी वूफरवर ठेवून बघितली का? कट वर आणि रस्सा खाली, दोन नक्ष्या एकदम दिसतील.

भाचीला सांगा, मस्त काम केलंय.

ढोलवाली
हे आमच्याकडे दर गणपतीत होतं! पथक गल्लीतून जाताना खिडकीतल्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक चौकटी उठतात. नाशिक ढोलाचा टोल पडला की एकच गोल लाट येते पण ताशा कडकडायला लागला की जाळी दिसते. मला वाटायचं माझ्या डोळ्यांचा भास.

कासवगती
अंजनेरी ताई, भाचीने जे केलंय त्याला फॅरडे लाटा म्हणतात. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये थरथरणाऱ्या पत्र्यावर द्रव ठेवून हे पाहिलं आणि एक विचित्र गोष्ट नोंदवली, की पत्रा जितक्या वेळा हलतो त्याच्या निम्म्या वेळाच लाट वरखाली होते. म्हणजे तुमचा टोन १६ चा असेल तर लाट ८ ची.

उभ्याने झोका घेताना आठवा. आपण एका पूर्ण झोक्यात दोनदा बसतो-उठतो, प्रत्येक बाजूच्या फेरीत एकदा. जोर दोनदा, झोका एकदा. इथेही तसंच, पाण्याला कुणी बाजूने ढकलत नाही, तळ वरखाली होतो म्हणजे जणू गुरुत्व कमी-जास्त होतं, आणि ठरावीक जोरापुढे गेलं की सपाट पाणी सपाट राहूच शकत नाही. याचं गणित १९५४ मध्ये बेंजामिन आणि अर्सेल यांनी मांडलं.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही वर्णन केलेलं जवळजवळ तस्संच १९८४ मध्ये छापून आलंय, सर्जिओ सिलिबर्टो आणि जेरी गोलब या दोघांनी अमेरिकेत हॅवरफर्ड कॉलेजमध्ये केलेला प्रयोग. गोल भांडं, त्रिज्या ६.३५ सेंटिमीटर, पाणी १ सेंटिमीटर, टोन १६ हर्ट्झच्या जवळ. आणि भांडणाऱ्या दोन नक्ष्या कुठल्या? ४ वाली आणि ७ वाली! वाचताना माझ्या अंगावर काटा आला. तुम्ही तो प्रयोग वाचून मापं घेतली होती का?

अंजनेरी
नाही हो! पाइप दुकानात तेवढ्याच मापाचा होता, ५ इंची. मी आत्ता भाचीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती तीनदा म्हणाली "परत वाच".

शंकेखोर
माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. मापं जुळली म्हणून कारणही तेच असं होत नाही. स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर, खोक्याच्या पुठ्ठ्यावर बसवलेला वूफर, खालून रिक्षा जातेय, वर पंखा चालू. यातल्या कशानेही नक्षी बदलू शकते. खरा केऑस म्हणजे समीकरण पूर्ण ठरलेलं असूनही पुढचं सांगता न येणं. तो कागदावर असतो, प्रयोगशाळेत असतो तो नॉइज, म्हणजे बाहेरून येणारी बारीकसारीक गडबड. मी पंधरा वर्षं इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे आणि "सिग्नल अस्थिर आहे, काहीतरी गूढ असणार" म्हणणाऱ्यांकडे शेवटी दर वेळी एक ढिली वायर सापडली आहे. परीक्षकांनी बोलायची पद्धत चुकवली असेल, शंका चुकीची नव्हती.

टर्नर_सातपूर
शंकेखोर भाऊंशी अर्धा सहमत. आधी यांत्रिक बाजू साफ करू मग पाण्याला दोष देऊ. ताई, वूफरच्या कोनवर (पुढच्या हलणाऱ्या कागदी भागावर) थेट भांडं ठेवलंय का? कोन सरळ वरखाली जात नाही, वजन एका बाजूला पडलं की डोलतो. आरशाचा छोटा तुकडा भांड्याशेजारी चिकटवा, त्यावर लेझर पॉइंटर मारा आणि समोरच्या भिंतीवर ठिपका बघा. डोलत असेल तर ठिपक्याची लांब रेघ होईल. सरळ चालत असेल तर ठिपका जेमतेम जाड दिसेल. डायल गेज (बारीक हालचाल मोजायचं यंत्र) असेल तर ते लावा पण घरी कुठून असणार.

माझ्याकडे लेथ आहे. अ‍ॅल्युमिनियमची रिंग आणि मधोमध गाइड पिन, खाली पितळी बुश, एवढं करून देतो. भाचीला घेऊन या, तिला चकवर जॉब फिरताना बघायला आवडेल. पैशाचं बोलू नका.

अंजनेरी
दादा, काय बोलू. शनिवारी येतो आम्ही दोघी.

जुनापाटकरी
मी जलसंपदेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आपल्या नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या मेरी या संशोधन संस्थेत धरणांच्या सांडव्यांची मॉडेलं होतात तिथे उभं राहून तासन् तास पाणी बघितलंय, म्हणून राहवत नाही. २५ पटीने लहान मॉडेल केलं तर वेळ २५ पटीने नाही, ५ पटीने लहान होतो, वर्गमूळ. नवीन मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे व्हायचे.

परीक्षकांच्या शेऱ्यावरून एक आठवलं. लांब टाकीत एका टोकाला फळी हलवून अगदी एकसारख्या लाटा सोडल्या तरी दूर जाता जाता त्यांचे गट पडतात, काही मोठ्या होतात काही बसतात. बघणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की फळी नीट हलत नाहीये. १९६७ मध्ये बेंजामिन आणि फेअर यांनी दाखवलं की दोष फळीचा नाही, एकसारख्या लाटांची ओळ मुळातच टिकाऊ नसते, शेजारच्या वारंवारतेचा कणभर अंश असला तरी तो लाटेची ऊर्जा खाऊन वाढतो. वर कासवगतींनी १९५४ चा बेंजामिन सांगितला, तोच हा.

गोलब साहेबांचं काम मी वाचलेलं नाही. ते दोन नक्ष्यांचं भांडण का होतं ते जरा सोप्या भाषेत कुणी सांगेल का?

कासवगती
काका, प्रयत्न करतो.

गोल भांड्यात पाण्याला कुठलीही नक्षी चालत नाही, काठाशी जुळणारीच चालते, जसं तंबोऱ्याच्या तारेला ठरावीकच स्वर. प्रत्येक नक्षीची स्वतःची वारंवारता. आता त्या विशिष्ट मापाच्या भांड्यात ४ वाली (आतून बाहेर तीन वेटोळी) आणि ७ वाली (दोन वेटोळी) या दोघींच्या लाटांची लांबी जवळपास सारखी येते, ३ सेंटिमीटरच्या किंचित वर. मी हिशेब केला, वारंवारतेत फरक दीड टक्क्याच्या आसपास. म्हणजे १६ हर्ट्झच्या टोनमध्ये पाव हर्ट्झसुद्धा नाही. एकाच टोनवर दोघीही हक्क सांगतात.

जोर कमी असेल तेव्हा जिचा टोन जवळ तीच जिंकते आणि शांत राहते. जोर वाढवला आणि टोन दोघींच्या मधे ठेवला की एक वाढते, वाढताना दुसरीला वाट करून देते, दुसरी वाढून पहिलीला दाबते, मग स्वतः थकते. सिलिबर्टो-गोलब यांनी टोन आणि जोर थोडा थोडा बदलत अख्खा नकाशा काढला. कुठे नुसती ४, कुठे नुसती ७, मधल्या पट्ट्यात अदलाबदल, आणि त्या पट्ट्यातही काही ठिकाणी ती घड्याळासारखी ठरलेल्या वेळाने होते तर काही ठिकाणी वेळेचा नेम राहत नाही. हा नकाशा फार महत्त्वाचा आहे, शंकेखोर यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

शंकेखोर
कसं ते सांगा, ऐकायची तयारी आहे.

कासवगती
ढिली वायर टोन बघून ढिली होत नाही. बिघाड असेल तर तो १५.७ ला पण दिसेल, १६.३ ला पण दिसेल, कमी जोरावर पण थोडाफार दिसेल. पण जर त्याच जोडणीत एका बाजूला नक्षी अर्धा तास दगडासारखी उभी राहते, दुसऱ्या बाजूलाही उभी राहते, आणि फक्त मधल्या चिंचोळ्या पट्टीत, तेही ठरावीक जोराच्या पुढेच, गडबड सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीत पुन्हा सुरू होते, तर ती जागा पाण्याने ठरवलीय.

"केऑस फक्त कागदावर" हे मात्र मला मान्य नाही. १९७५ मध्ये याच गोलबने हॅरी स्विनीबरोबर दोन नळकांड्यांच्या मधे द्रव ठेवून आतलं फिरवलं, आणि थोड्याच टप्प्यांनंतर प्रवाहाचा नेम सुटतो हे लेझरने मोजून दाखवलं. नॉइज तिथेही होताच. पण नॉइज किती आहे ते मोजता येतं आणि दिसणारी गडबड त्याच्यापेक्षा कितीतरी मोठी असते.

निफाडचा_बागायतदार
रात्री सगळा धागा वाचला. माझी द्राक्षबाग आहे, शिक्षण बारावी. मला एक कळत नाही, ८ इंच पाण्याच्या भांड्यातसुद्धा पुढचं सांगता येत नसेल तर हवामानवाले आम्हाला आठ दिवसांचा पाऊस कुठल्या आधारावर सांगतात? ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस आला की डावणी रोग. फवारणी करायची की थांबायची हे मी त्या अंदाजावर ठरवतो. चुकला की औषधाचे पैसे गेले नाहीतर घड गेले.

तर्री
दादा भांडं ५ इंचांचं आहे. ८ इंचांचं असेल तर भाचीला अजून मोठा वूफर लागेल.

पण प्रश्न एक नंबर विचारलात.

वेधशाळा
बागायतदार दादा, तुमच्या प्रश्नापासूनच हा विषय सुरू झाला. एडवर्ड लॉरेन्झ हवामानाचं छोटं गणित कॉम्प्युटरवर चालवत होते, १९६१ साल. एक गणित मधूनच परत चालू करायचं म्हणून त्यांनी छापील कागदावरचा आकडा घातला, ०.५०६. मशीनच्या आत खरा आकडा होता ०.५०६१२७. सुरुवातीला दोन्ही आलेख एकावर एक, आणि काही काळाने एकमेकांशी काही संबंधच नाही. त्यावरचा पेपर १९६३ चा.

पण यातून "काहीच सांगता येत नाही" असा अर्थ निघत नाही, सुरुवातीचा काळ सांगता येतो. म्हणून आता हवामानवाले एकच गणित करत नाहीत, सुरुवात अगदी किंचित बदलून तीच गणितं बऱ्याच वेळा चालवतात. सगळी एकत्र राहिली तर अंदाज पक्का, फाकली तर कच्चा. तुम्हाला मोबाइलवर "७० टक्के शक्यता" दिसते त्यामागे हे असतं. मी असतो तर उद्या-परवाच्या अंदाजावर फवारणी ठरवली असती आणि सातव्या-आठव्या दिवसाच्या आकड्यावर फक्त औषध आणून ठेवलं असतं.

निफाडचा_बागायतदार
आता कळलं. म्हणजे पहिल्या दोन दिवसांवर भरवसा जास्त. हे कुणी तरी आधी सांगायला पाहिजे होतं.

आणि अजून एक, आमच्या ठिबकच्या नळीला एक ड्रिपर आहे तो कधी टप टप एका लयीत, कधी टप-टप...टप असा. तो पण यातलाच का?

कासवगती
हो, अगदी यातलाच असू शकतो! १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात सांताक्रूझला रॉबर्ट शॉ आणि मंडळींनी ठिबकणाऱ्या नळाचे थेंब मोजले, दोन थेंबांमधला वेळ. नळ थोडा थोडा उघडत गेलं की आधी एकसारखे थेंब, मग लांब-आखूड जोड्या, आणि पुढे नेम सुटतो. त्यांनी एक साधी युक्ती केली, या वेळचं अंतर आडव्या रेषेवर आणि पुढच्या वेळचं उभ्या रेषेवर मांडलं. नुसता नॉइज असता तर ठिपक्यांचा ढग झाला असता, त्यांना ठिपके वळणावळणाच्या आकारात बसलेले दिसले. अंजनेरी ताई, ही युक्ती तुम्हालाही वापरता येईल. ड्रिपरमध्ये कचरा पण असतो म्हणा, आधी तो साफ करा.

शब्दवेडी
विषयाला थोडा फाटा. केऑसला मराठीत काय म्हणायचं? कुणी अनागोंदी म्हणतं, पण अनागोंदीत नियमच नसतो आणि इथे तर वर सगळे सांगतायत की नियम पक्का आहे. मला "गोंधळ" हा शब्द सुचतो. लोक हसतील, पण आपला देवीचा गोंधळ आठवा. चौक मांडतात, दिवटी पेटते, संबळ-तुणतुणं, आवाहन ठरलेलं, क्रम ठरलेला. आणि रंगात आल्यावर आख्यान कुठे वळेल ते गोंधळी स्वतःपण आधी सांगू शकत नाही. नियमात राहून पुढचं न सांगता येणं, अजून काय पाहिजे?

जुनापाटकरी
वा. हे मी लिहून ठेवतो.

ढोलवाली
गोंधळ शब्दाला माझं मत! आणि भाचीची पाटी "पाण्याचा गोंधळ" किती छान वाटेल.

गोदाकाठचा
माझं लहानपण रामकुंडाजवळ गेलं. पूर आला की आम्ही दुतोंड्या मारुतीकडे बघायचो, कमरेला लागलं, छातीला लागलं, आता बुडाला. ४ ऑगस्ट २०१९ ला पण तेच बघत उभा होतो. होळकर पुलावरून खाली पाणी बघितलं की एक भोवरा खांबामागे धरतो, सुटतो, दुसरा धरतो. हे पण केऑसच ना? आणि रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा (उडी) मारला की लाट चारी भिंतींना आपटून परत येते, दहा जणांनी उड्या मारल्या की पाण्याचा काही नेमच राहत नाही.

जुनापाटकरी
गोदाकाठचा, पुराचं पाणी वेगळं. त्याला टर्ब्युलन्स म्हणतात, त्यात लहानमोठे असंख्य भोवरे एकमेकांत गुंतलेले असतात, हजारो आकडे घेतले तरी पुरत नाहीत. खांबामागचे भोवरे मात्र पाणी सावकाश असताना आळीपाळीने, डावा-उजवा, अगदी नेमाने सुटतात. भाचीच्या भांड्याची गंमत ही की तिथे दोनच नक्ष्या, म्हणजे चार आकडे, प्रत्येकीची उंची आणि प्रत्येकीचा ताल. एवढ्या कमी गोष्टींतही नेम सुटतो हे मला आज नव्याने कळलं, सांडव्यावर उभं राहून कधीच कळलं नसतं.

रहाडीत गर्दी मोजायची की लाटा, धप्पा मारणाऱ्याला विचारा.

शंकेखोर
ठीक, नकाशाचा मुद्दा मला पटला. मग माझ्याकडून काही अटी, या पाळून जे दिसेल ते मी मान्य करीन.

अ‍ॅम्प्लिफायर आधी अर्धा तास गरम होऊ द्या. टोन मोबाइलमधून देताना कॉल आणि नोटिफिकेशन बंद. पंखा बंद. भांडं साबणाने धुतलं असेल तर चार-पाच वेळा नुसत्या पाण्याने खळबळा, साबणाचा किंवा बोटाच्या तेलाचा अंश पृष्ठभागावर आला की लाटा लवकर मरतात आणि सगळे आकडे सरकतात. आणि पाण्याची पातळी बघत राहा. नाशिकच्या एप्रिलमध्ये उघडं पाणी आटतं.

कासवगती
पातळीचा मुद्दा लाखमोलाचा. १ सेंटिमीटरमधलं १ मिलिमीटर जरी आटलं तरी नक्षीची वारंवारता जवळपास १ टक्का खाली येते, आणि दोघींमधलं अंतरच दीड टक्का आहे. म्हणजे तासाभरात तुम्ही नकाशावर नकळत सरकता! भांड्यात पाणी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असेल. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी आणि नंतर वजन करा, कमी झालेलं सिरिंजने भरा. वरून काचेचं झाकण ठेवलंत तर उत्तम.

अजून एक तपासणी. फोनवर २४० फ्रेमचा स्लो मोशन घ्या. १६ हर्ट्झला टोनचा एक फेरा १५ फ्रेमचा. १५ फ्रेमनंतर जिथे डोंगर होता तिथे खड्डा आणि ३० फ्रेमनंतर परत डोंगर दिसला तर ती फॅरडेची लाट. १५ फ्रेमनंतरच परत डोंगर आला तर ती काठाला चिकटलेल्या पाण्यातून निघालेली साधी लाट, ती टोनच्याच वेगाने चालते आणि कमी जोरावरही दिसते. ती जास्त असेल तर भांडं काठोकाठ भरून बघा, त्यासाठी काठ १ सेंटिमीटरचाच हवा.

टर्नर_सातपूर
शनिवारी काठ लेथवर सपाट कापून १० मिलिमीटरचा करून देतो. मिलिमीटरच्या शंभरातला एक पण फरक राहणार नाही.

तर्री
या धाग्यावर लेथ, द्राक्षं, गोंधळ, रहाड सगळं आलं. फक्त कांदा राहिला.

अंजनेरी
तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. परीक्षा होती तिची.

सातपूरच्या दादांनी रिंग, पिन, बुश करून दिलं. आधीच्या जोडणीत लेझरच्या ठिपक्याची बोटभर रेघ होत होती, म्हणजे परीक्षक म्हणाले त्यात तथ्य होतं, जोडणी डोलत होती. हे भाचीने स्वतः वहीत लिहिलंय. नव्या जोडणीत ठिपका गोलच राहतो.

मग आम्ही शंकेखोर यांच्या सगळ्या अटी पाळल्या. रात्री दहानंतर, पंखा बंद, झाकण लावून, दर अर्ध्या तासाने वजन. स्लो मोशनमध्ये १५ ला खड्डा, ३० ला डोंगर, तिने बोट ठेवून मोजलं. टोन पाव हर्ट्झच्याही निम्म्याने बदलत आणि प्रत्येक ठिकाणी आवाज पायरीपायरीने वाढवत तिने ग्राफ पेपरवर नकाशा भरला. निळा म्हणजे ४, हिरवा म्हणजे ७, लाल म्हणजे अदलाबदल. चार रात्री लागल्या. लाल खुणा एका उलट्या पाचरीत आल्या, निळ्या आणि हिरव्याच्या बरोबर मधे, खाली टोक आणि वर रुंद. डोलणं गेलं तरी अदलाबदल गेली नाही, उलट आधीपेक्षा स्वच्छ दिसते. बाजूला निळ्यात नक्षी ४० मिनिटं तशीच उभी होती, मग आम्हालाच झोप आली.

पाचरीच्या खालच्या भागात पालट अगदी नेमाने होतो, ती आधीच सांगायची "आता येईल" आणि यायचा. थोडं वर गेलं की तिचे अंदाज चुकायला लागले. तिथे पाणी पूर्ण शांत करून, त्याच आकड्यांवर, दहा वेळा सुरुवात केली आणि दर १० सेकंदांनी कुठली नक्षी ते लिहिलं. पहिले दोन-तीन पालट दहाही वेळा जवळपास जुळतात, पुढे फाटे फुटतात, आणि शेवटी कुठल्याच दोन ओळी सारख्या नाहीत. बागायतदार दादांना सांगा, तिने वहीत त्या पानाला "उद्या-परवाचा अंदाज" असं नाव दिलंय.

शंकेखोर
पाचरीचा आकार आणि खालच्या भागातला नेम, या दोन गोष्टी ढिल्या वायरीने होणार नाहीत. मी मान्य करतो. डोलण्याची नोंद तिने वहीत ठेवली याचं मला जास्त कौतुक वाटलं.

दहा सुरुवाती "त्याच आकड्यांवर" असल्या तरी घरी त्या शंभर टक्के सारख्या नसतात, तेवढं लिहायला सांगा. पण फाटे हळूहळू फुटतात की एकदम, हे मोजलं तर अजून बळ येईल.

कासवगती
हे वाचून फार आनंद झाला. शंकेखोर म्हणतात ते फाटे फुटायचा वेग हाच मुख्य आकडा, ल्यापुनोव्ह घातांक म्हणतात त्याला. आणि आता थेंबांची युक्ती करा. व्हिडिओत काठाजवळचा एक ठिपका धरा, दर ३०व्या फ्रेमला तिथला उजेड किती ते लिहा, म्हणजे लाटेचा वेगवान भाग निघून जाईल आणि सावकाश चढउतार उरेल. मग आत्ताचा आकडा आडवा, काही सेकंदांनंतरचा उभा. निव्वळ आकार दिसला म्हणून घाई नको, लांब रेकॉर्डिंग घ्या, निदान तासाभराचं, आणि नेमाच्या भागातलंही एक घ्या म्हणजे शेजारी ठेवून बघता येईल. नेमाच्या भागात बंद वेटोळं यायला हवं.

अंजनेरी
तासाभराच्या रेकॉर्डिंगला फोनची मेमरी पुरत नाही. स्लो मोशन न घेता साधं घेतलं तर चालेल का?

कासवगती
चालेल. लाट ८ हर्ट्झची आहे, ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत १५ फ्रेममध्ये बरोबर ४ लाटा बसतात. टोन बरोबर १६.० असेल तर दर १५वी फ्रेम घ्या. १६.१ असेल तर ठिपका हळूहळू सरकेल, मग टोनच थोडा जुळवून घ्या किंवा पाण्याची उंची बदलून पाचर १६.० वर आणा. १ मिलिमीटरला १ टक्का, हिशेब तुमच्याकडे आहेच.

अंजनेरी
ती आत्ता सिरिंज शोधतेय.

टर्नर_सातपूर
पाणी कमी करणार असाल तर काठ पण कमी करावा लागेल, नाहीतर काठोकाठ राहणार नाही. किती मिलिमीटर ते फोनवर कळवा, रविवारी दुपारी लेथ रिकामा आहे.